मुलांच्या पंगतीतले पान

कोळशाने काढलेले चित्र पावाने पुसतात, ही गोष्ट मला माळव्यात, धारेला येईपर्यंत ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर आलोच नसतो, असे म्हणवत नाही. दुसरे जायचे कुठे होते? पण निदान निघताना आईच्या कानावर घातले असते, की तिकडे असे असे असते म्हणतात, चालेल ना?

आमच्या कोकणात त्या वेळी पाव म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून कळायचे नाही. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खी आळी बाटली, अशा गोष्टी आम्ही भुताखेतांच्या गोष्टींसारख्या ऐकत वाढलो. जेवताना तो शब्द तोंडातून निघाला तर आजोळी पाठीत धपाटा बसे. आणि माझ्या विद्येची सुरुवातच पावापासून व्हायची होती.

विद्या म्हणजे तरी काय. शाळा मराठी पाचवीतच सुटली होती. वडील गेले, आई तिच्या भावाच्या घरी चुलीपाशी राहिली, मी गुरे वळायचो आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने त्याच गुरांची चित्रे काढायचो. देवासचे एक लांबचे मामा श्राद्धाला आले होते. त्यांनी ती भिंत पाहिली आणि म्हणाले, "पोराचा हात बरा आहे. मी नेतो याला." आईने जास्त विचारले नाही. एक तोंड कमी होणार होते, आणि ते तिला बोलून दाखवायचे नव्हते.

देवासला तेव्हा एका गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. मामा धाकट्या पातीत कारकून. मामींचे माहेर थोरल्या पातीतले. त्यामुळे घरातसुद्धा दोन दरबार भरत, आणि माझ्यासारख्या उपऱ्याने कोणत्या दरबारात मान हलवायची हे कळत नसे. थोडे दिवस मला ठेवून घेऊन मामांनी एकदा जवळ बसवले.

"हे बघ, धारेला ड्रॉइंगचा वर्ग आहे. मास्तर मुंबईस शिकून आलेत. फी माफ करतो म्हणालेत. पहिल्या वर्षी कोळसा आणि शाई, बस्स. वर्षाअखेर सगळ्यांची कामं इकडे देवासला येतात, साहेब तपासतो. त्यात उतरलास तर तुला इथं कुठं तरी चिकटवीन. नाही उतरलास तर बाबा, कोकणची वाट धरायची."

"आणि जेवण?"

"वार लावून जेव. धारेत आपली घरं पुष्कळ आहेत. चालचलणूक नीट ठेव म्हणजे झालं. एका घरानं वार तोडला की दुसरी घरं कारण विचारत बसत नाहीत."

हे शेवटचे वाक्य मी धारेपर्यंत गाडीत घोकत गेलो.

वार लावणे म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचे. सोमवारी वैद्य, मंगळवारी रामाचे पुजारी, असे करत शुक्रवारी दफ्तरदारांकडे. सकाळी एकदा जेवायचे, त्यावर दिवस काढायचा. सगळी घरे देशावरून नाहीतर कोकणातून कधी काळी धारच्या पवार राजांच्या पाठोपाठ आलेली. बोलण्यात अर्धे हिंदी आलेले, पण सोवळे असे कडक की आमच्या गावालासुद्धा लाज वाटावी. दुसऱ्याच्या दारी रोज हात धुऊन बसणे सोपे नसते. "घे रे, पोटभर घे," असे जितक्या मायेने कुणी म्हणे तितका माझा घास लहान होई. आजही कुणाकडे जेवायला बसलो की मी अगोदर भात वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघून घेतो, मग पानाकडे.

वर्ग शाळेच्या मागे एका लांबट खोलीत भरे. उत्तरेच्या अंगाला मोठी खिडकी, समोर मांडलेले प्लास्टरचे नमुने: एक कान, एक पाऊल, एका परदेशी बाईचा मुखडा. कोळसा आम्हीच करायचो. चिंचेच्या सारख्या जाडीच्या काड्या मडक्यात भरायच्या, तोंड मातीने लिंपायचे आणि मडके कुंभाराच्या भट्टीत ठेवून यायचे. ते मला फार आवडे. मडके फोडल्यावर आतल्या काड्या निघत त्या इतक्या हलक्या की नुसत्या बोटांनी धरल्या तरी कागदाकडे ओढ घेत. आणि पुसायला पाव. मास्तर म्हणत, "रबरानं कागदाचं कातडं सोलतं. पावाच्या आतला मऊ गर घ्या, बोटानं मळा, टिपा. घासू नका, टिपा." पाव ताजा नको, चिकटतो, कालचा पाहिजे.

पहिल्या दिवशी मी पावाला हात न लावता बसून राहिलो. मास्तर मागून आले. तेही आमच्यातलेच, गळ्यात जानवे, शेंडीला गाठ. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, गराचा गोळा केला आणि माझ्या चित्रातला कानाचा चुकलेला काठ हलकेच उचलून घेतला. कागद खाली दुधासारखा निघाला. "हा पाव नव्हे," ते म्हणाले, "हे हत्यार आहे. समजलास?"

मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून मीही मळू लागलो.

पाव आणायची पाळी सगळ्यांवर फिरे. पाहुण्यांच्या बंगल्याजवळ पाव भाजणारा एक नानबाई होता. मी गेलो की दुरूनच ओरडे, "काय भिया, आज कितनी गलती करनी है? पूरी दूँ के आधी?" मी इकडे तिकडे बघून "आधी" म्हणे. "अरे बामन का छोरा है," तो बाजूच्या माणसाला सांगे, "रोटी ले जावे, खावे नी. कागज को खिलावे!" तो हसे त्यात काही वाईट नव्हते. मीच वाघ मागे लागल्यासारखा पळे. वर्गातले बाकीचे, एक रजपूत, एक सुताराचा मुलगा, दोघे मुसलमान, पावाचे कडेचे कवच चहाबरोबर चावून खात. मी खात नसे. वास मात्र येई. ज्या दिवशी वाराच्या घरी सुतक असे त्या दिवशी फार येई.

शुक्रवारच्या घरचे दफ्तरदार, म्हणजे दरबारचे जुने कागद सांभाळणारे अधिकारी, उंच, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणे. मोठी मुलगी नऊएक वर्षांची, तिच्या पाठीवर एक मुंजीला आलेला मुलगा, आणि एक नुकते रांगायला लागलेले बाळ. मधली मुले राहिली नव्हती. ते कुणी मला सांगितले नाही. काकू बाळाला खाली ठेवताना ज्या तऱ्हेने ठेवत त्यावरून कळे.

श्रावण आला. श्रावणातल्या शुक्रवारी मुलांसाठी जिवतीची पूजा करतात. तिचा छापील कागद पुण्याकडून येई. त्या वर्षी नाल्यावरची वाट खचली आणि टपाल अडले. काकूंचा जीव वरखाली. गावातल्या लोकांचा सावन आमच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो, त्यामुळे सगळीकडे झोके टांगलेले, गाणी चाललेली, आणि काकूंच्या देवघराची भिंत मात्र मोकळी.

"तू चित्रं काढतोस ना रे?" गुरुवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. "मग जल्दी काढून दे जिवती. उद्या पहाटे लागेल. जमेल?"

जमेल का म्हणजे काय! त्या घरचे इतके अन्न खाल्ले होते आणि माझ्याजवळ द्यायला काही आहे असे पहिल्यांदाच कुणाला वाटले होते. मी धावत वर्गात गेलो, कोळसा आणि सामान उपरण्याच्या टोकाला बांधून घेऊन आलो. दफ्तरातला जाड कागद मिळाला. माजघरात मी मांडी घालून बसलो, मुले भोवती गोळा झाली.

वर नरसिंह, मग काळियावरचा कृष्ण, मध्ये मुलांना घेऊन बसलेली जिवती, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. सगळे हलक्या रेघेत मांडले. काकू येता-जाता बघून जात आणि म्हणत, "एकदम बढिया!" मला चेव आला. नुसत्या रेघा कोण काढील? इतके महिने उजेड आणि सावली शिकत होतो. जिवतीच्या तोंडावर मी डावीकडून उजेड घेतला आणि उजव्या बाजूला प्लास्टरच्या बाईला देत होतो तशी गालापासून गळ्यापर्यंत छान गर्द सावली भरली. मागे सरून पाहिले. चेहरा कागदातून वर आला होता. माझ्या हातून तोपर्यंत निघालेले ते सगळ्यात चांगले काम होते.

काकू हात पुसत आल्या आणि थबकल्या.

"अरे, हिचं अर्धं तोंड काळं का केलंस?"

"काळं नाही काकू, सावली आहे. उजेड डावीकडनं येतोय ना."

"देवीला कुठला उजेड? तिचाच तर उजेड पडतो."

"पण नाक वर यायला—"

"नाक राहू दे खाली. लेकरांच्या देवीचं तोंड काळं कोणी करतं का? पूस बाबा ते. आधी पूस."

त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मी "हो हो" म्हणत उपरण्याची गाठ सोडली आणि हाताच्या सवयीने गर काढला, मळला, टिपू लागलो. सावली पुष्कळ होती. करडे गोळे होत, मी ते बाजूला टाकी आणि नवा घेई. वर्गात जमिनीवर टाकतो तसे. कुठे बसलो आहे, काय पुसतो आहे, कशाने पुसतो आहे, यातले काही माझ्या डोक्यात नव्हते. डोक्यात एवढेच, की एवढे चांगले नाक चालले.

"आई, बाळ काय खातंय?" मुलगी म्हणाली.

काकूंनी बाळाच्या तोंडात बोट घालून करडा लगदा काढला. बोटांत दाबून पाहिला. "कणीक आहे का ही?"

"नाही," मी म्हणालो. "पाव."

त्या जागच्या जागी खाली बसल्या. "कसला पाव?"

"नानबाईचा. कोळसा त्यानंच पुसतात काकू."

मुलगी ओसरीकडे पळालीच होती. "बाबा, बाबा, बाळानं पाव खाल्ला!"

दफ्तरदार आले. बाळ बघितले, कागद बघितला, माझी बोटे बघितली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

"तू खातोस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

हे खरे होते. आणि खरे असूनही माझे तोंड खोटे बोलणाऱ्याचे झाले. कान तापले, नजर खाली गेली. त्यांनी ते पाहिले.

"रोज हाताळतोस?"

"वर्गात सगळेच... त्याशिवाय कोळशाचं काम होत नाही."

"बाळाचं काही नाही. मुंज व्हायची आहे, त्याला दोष नाही. पंचगव्य तुला द्यायला मी उद्या भटजींना सांगीन. पण उद्या प्रायश्चित्त घेशील आणि परवा पुन्हा पाव हातात धरशील. मग त्याला काय अर्थ? पाव सोडणार आहेस का?"

पाव सोडणे म्हणजे कोळसा सोडणे. कोळसा सोडणे म्हणजे वर्षाचे निम्मे काम सोडणे. देवासला काय पाठवणार? आणि नाही म्हणावे तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार का गेला हे कळले की शनिवारपासून सगळेच वार गेले.  मी उठून उपरण्याची गाठ पुन्हा बांधू लागलो. खाली ते करडे गोळे माझ्या पायाशी.

"मग पंक्तीला तुला बसवता यायचं नाही," ते म्हणाले. "तुला उपाशी ठेवणार नाही मी. तुझं पान ओसरीवर मांडतील."

ओसरी रस्त्यावर. तिथे पान मांडणे म्हणजे दवंडी पिटणे. हे त्यांच्या मनात नसावे. पण काकूंच्या लगेच ध्यानात आले. त्या बाळाचे तोंड पदराने पुसत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ओसरीवर कशाला? मुलांत बसेल तो. मुलांच्या पंगतीला कुठं आहे विटाळ?"

"एवढा घोडा मुलांत?"

"बसेल. बसशील ना रे?"

मी मान हलवली. मला वाटते मी आभारसुद्धा मानले. सोळा उलटून गेले होते, मिसरूड फुटली होती.

मग त्यांनी तो कागद घडी न घालता उचलला, तलावात सोडायला म्हणून बाजूला ठेवला, सगळे गोळे स्वतःच्या हाताने वेचले आणि मला म्हणाल्या, "जा, आंघोळ करून ये. दुसरा कागद देते. शाईनं काढ. पुसायचं नाही. जसं येईल तसं."

ओलेत्याने बसून मी पुन्हा जिवती काढली, बोरूने, काजळाच्या शाईने, नुसत्या रेघांची.  नरसिंह जरा तिरळा झाला, हत्तीचा मागचा पाय आखूड पडला. देवीचे तोंड मात्र सगळे पांढरे आले, उघडे, कुठेच सावली नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी तिला फुले वाहिली, मुलांवर अक्षता टाकल्या. मग हातातल्या उरलेल्या अक्षता घेऊन मला विचारले, "कोकण कोणत्या दिशेला रे इथून?" मी नैऋत्येकडे हात केला. "म्हणजे तुझी आई आज इकडे तोंड करून टाकत असेल," म्हणून त्यांनी त्या माझ्या डोक्यावर टाकल्या. मी तेव्हा रडायला हवे होते असे मला पुष्कळदा वाटते. पण माझे सगळे लक्ष स्वयंपाकघराकडे, की आता पान कुठे मांडतात.

तिथून माझे शुक्रवार मुलांत जाऊ लागले. आधी मुले, मग पुरुष, मग बायका. मी लहान पाटावर गुडघे वर करून बसे. पुरुषांची पाने शेजारच्या सोप्यात मांडलेली असत आणि त्यांच्या बसण्याआधी मला उठायची घाई. मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, तुझी मुंज नाही झाली?"

"झाली."

"मग आमच्यात का बसतोस?"

मुलगी म्हणाली, "त्याला मोठ्यांचं तिखट झेपत नाही." आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे वरण पुढे सरकवले. तिला सगळे ठाऊक होते. नऊ वर्षांच्या पोरीने मला सांभाळून घ्यावे!

येणारे-जाणारे थट्टा करीत. "काय दफ्तरदारसाहेब, हा घोडनवरा बच्चा पार्टीत कसा?" खोटे बोलायचे दफ्तरदारांच्यात नव्हते. आतून काकूंचा आवाज येई, "बाळ दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही हो!" आधी हे निमित्त होते. पुढे ते खरेच झाले. बाळ माझ्या मांडीत येऊन बसे आणि मी मऊ भात कालवून भरवीपर्यंत तोंड उघडत नसे. माझी बोटे कितीही राखेने घासली तरी नखांच्या कडेला काळी राहत; त्या बोटांनी मी त्याला भरवी आणि काकू ते पाहत आणि पानात आणखी मऊ भात वाढत.

वर्गात माझे काम चालले होते. पाऊल घेतले होते मी, कोळशात, मोठ्या कागदावर. खोटे कशाला सांगू, चांगले चालले होते. घोट्याची सावली, टाचेचा भार, जमिनीवर टेकलेली करंगळी. मास्तर इतरांना बोलावून दाखवीत. "देवासला हे सगळ्यात वर ठेवू," म्हणाले. मला शुक्रवार सोसवत होता तो त्या पावलामुळे.

बाळाचा पहिला वाढदिवस नेमका शुक्रवारी आला. गावातली बरीच मंडळी जेवायला, आणि त्यांत आमचे मास्तर. गर्दीमुळे त्या दिवशी मुलांची आणि पुरुषांची पाने एकदमच मांडली, एकाच सोप्यात समोरासमोर. मी बाळाला घेऊन लहान पाटावर बसलो आणि वर पाहतो तो समोर मास्तर, पानाभोवती पाणी फिरवताना थांबलेले.

"अरे, तू तिकडे काय करतोस? इकडे ये, माझ्याशेजारी."

"राहू द्या," दफ्तरदार म्हणाले. "त्याचं पान तिथंच असतं."

"ते का?"

"पाव हाताळतो तो. तुमच्या वर्गात."

एखाद्याच्या हातातून भांडे पडावे आणि सगळ्यांनी तिकडे बघावे, तसे झाले. वैद्य होते, पुजारी होते. माझे सोमवार-मंगळवार तिथेच पंक्तीत बसले होते. मला वाटले, संपले.

मास्तर भात कालवू लागले. "मुंबईस तशी रीत आहे," ते म्हणाले. "पुसण्यापुरता. खाण्याचा प्रश्न नाही."

"तुम्हीही हाताळता?" दफ्तरदारांनी विचारले. त्यात कपट नव्हते. माणूस सरळ; मनात आले ते विचारले.

त्याच सकाळी मास्तरांनी माझ्या पावलाच्या घोट्यावरचा उजेड स्वतःच्या हाताने काढून दिला होता. गराचा गोळा त्यांच्या चिमटीत, "घासू नको, टिप," म्हणत. मी त्यांच्या बोटांकडे पाहिले. बोटे भातात होती.

"मी?" मास्तर म्हणाले. "छे. मी कशाला? मुलं करतात ते."

"हां. मग ठीक."

काकू तूप वाढत पंक्तीतून येत होत्या. त्या मास्तरांच्या पानापाशी क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितले, आणि त्यांच्या भातावर तूप वाढून पुढे गेल्या. वैद्य मोठ्याने म्हणाले, "जाऊ द्या हो, विद्यार्थी आहे, गुरूची आज्ञा. शिवाय मुलांत बसवलाय, दोष कसला? दफ्तरदारांनी नीट तोड काढली." पुजारी "बरोबर, बरोबर" म्हणाले. माझे वार वाचले. मी खाली मान घालून बाळाला भरवत राहिलो. मास्तरांची लाज मलाच इतकी आली की त्यांच्याकडे पाहवेना, आणि त्यांनीही जेवण होईपर्यंत एकदासुद्धा माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या फळ्यावर पाऊल नव्हते. कोरा कागद लावलेला, शेजारी दौत आणि बोरू.

"आजपासून तू शाईत," मास्तर म्हणाले. "वेलबुट्टी, कमानी, अक्षरं. बाह्यरेषा."

"आणि पाऊल?"

"कोळसा पुरे झाला तुला."

"थोडंच राहिलं होतं. टाच फक्त—"

"पुरे म्हटलं ना." मग खिडकीकडे वळून, हळू आवाजात: "तुझ्या जेवणाची सोय बिघडता कामा नये रे. मी दफ्तरदारांशी बोललो. म्हटलं, आता याला पावाचं काम नाही."

माझ्या जेवणाची काळजी त्यांना होती, हे मी मानतो. त्या घरात पावाचा विषय पुन्हा निघू नये, हेही त्यांना हवे असेल. दोन्ही असेल. मी "बरं" म्हणालो. एवढा एकच शब्द. सुताराचा मुलगा मागून कुजबुजला, "काय झालं भिया? तू तर अव्वल होता!" मी बोरूचे टोक बघत बसलो.

शाईचे काम देवासला गेले आणि उतरले. मामांनी शब्द पाळला. दोन्ही पातींच्या हद्दी जिथे गल्लीगल्लीतून वळतात तिथले नकाशे पुढे बरीच वर्षे मी काढले. आईला देवासला आणता आले. मास्तरांचे, मामांचे, त्या घरांचे उपकार मोठे. त्यांच्याविरुद्ध माझ्याजवळ बोलायला काही नाही. कोळसा पुन्हा हातात धरला नाही. कुणी मना केले नव्हते. नाही धरला.

पण मला सांगायचे आहे ते शाईला लागल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारचे. सकाळी भटजींनी पंचगव्य दिले, नवे जानवे घातले. मी दफ्तरदारांकडे गेलो आणि सवयीने लहान पाटावर बसलो. बाळ दुडदुडत येऊन मांडीत बसले. नुकते चालायला लागले होते. मी भात कालवला, पहिला घास दिला.

त्या दिवशी वैद्य वगैरे मंडळी जेवायला होती म्हणून पुरुषही बरोबरच बसत होते; सोप्यातून दफ्तरदारांचा आवाज आला. त्यांनी इतक्या मायेने मला कधी हाक मारली नव्हती. "अरे, तिकडे काय बसलास? इकडे ये. तुझं पान इकडे मांडलंय आज."

मला थोडे थांबता आले असते. मुलांचे होऊ द्या, मग येतो, असे म्हटले असते तर ते रागावले नसते. काकू दारात बाळाकडे बघत उभ्या होत्या. पण मी हाक ऐकताच उठलो. बाळाला मांडीवरून उतरवून पाटावर ठेवले, हात धुतला, आणि पुरुषांच्या पंक्तीत मोठ्या पाटावर जाऊन ताठ बसलो. वैद्य शेजारी सरकले. "आलास? ये, ये." कुणीतरी मला "पेंटरसाहेब" म्हणाले. भातावर तूप पडले. मी पुन्हा भात मागितला, वर्षात पहिल्यांदा, आपणहून.

मुलांकडून बाळाचे रडणे ऐकू आले. दुसऱ्या घासासाठी तोंड उघडून बसले होते ते. मी तिकडे पाहिले नाही. मोठी मुलगी त्याला चुचकारत होती. तिचा आवाज सगळ्या पंक्तीला ऐकू गेला.

"गप, गप हं. दादा आता मोठा झाला ना. मी भरवते. आ कर."